चार नंबरचा खेळाडू

"जावईबापू, आज तुम्ही स्वतःच उतरताय की काय मैदानात?"

मामा दारात उभे होते. हातात चार नंबरची जर्सी, आणि आपण काही वावगं बोललोच नाही असा चेहरा. मामा म्हणजे क्लबचे कपडेवाले. बत्तीस वर्षं ते खेळाडूंच्या जर्सी धुतायत, इस्त्री करून खुंटीला लावतायत. अख्खा क्लब त्यांना मामा म्हणतो. प्रशिक्षकांना तर म्हणावंच लागतं, कारण त्यांनी मामांच्या मुलीशी लग्न केलं आहे.

प्रशिक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे काय, मामा?"

"म्हणजे असं, की तुमच्या यादीत तेवीस नंबर कुठेच नाही. तिथे चार लिहिलाय. तुमच्याच अक्षरात."

प्रशिक्षकांनी यादीची प्रत ओढून घेतली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

झालं होतं ते असं. सामन्याआधी तासभर खेळाडूंची यादी पंचांकडे द्यावी लागते. दर आठवड्याला ती सहाय्यक प्रशिक्षक लिहीत. पण काल या गृहस्थांनी, वय वर्षं एकावन्न, गोलकीपरला झेप कशी घ्यायची ते दाखवायला झेप घेतली. झेप झकास होती, उतरणं नव्हतं. मनगट प्लास्टरमध्ये गेलं, म्हणून आज यादी प्रशिक्षक लिहायला बसले. आता प्रशिक्षकांची गंमत अशी, की ते याच क्लबात चौदा वर्षं बचावपटू होते, त्यातली नऊ कप्तान. तेव्हाच्या प्रशिक्षकांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे, त्यामुळे यादी कप्तानच लिहायचा. एक, दोन, तीन, चार. चार म्हणजे स्वतः. आज डोक्यात कॉर्नर किकचे विचार चालले होते आणि हात आपल्या जुन्या वाटेने निघून गेला. आकड्यांसमोर नावं टाइप करून यादी पंचांना देते ती कार्यालयातली बाई. तिला फुटबॉल कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. तिने मुकाट्याने नाव टाकलं.

आता चार नंबर होता आजोबाचा. आजोबाचं वय छत्तीस. बँकेत छत्तिसाव्या वर्षी माणसाला 'अजून शिकायचंय तुला' म्हणतात, फुटबॉलमध्ये आजोबा म्हणतात. सात महिने तो एकही सामना खेळला नव्हता. त्याच्या जागी तेवीस नंबरचा लंबू खेळायचा, वाऱ्यासारखा पळणारा आणि ताडासारखा उंच. आणि आज मोसमातला शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी क्लब या गटात टिकणार होता. हरला तर खालच्या गटात. "तसं झालं तर मग तुमचाही विचार करावा लागेल," असं अध्यक्षीणबाई गोड आवाजात म्हणाल्या होत्या. चार वर्षांत त्यांनी पाच प्रशिक्षकांचा विचार केला होता.

"पंच यादी बदलू देणार नाहीत," सहाय्यक म्हणाले. "पण सरावात कुणी दुखावला, तर त्याच्या जागी दुसरा घेता येतो. सोपं आहे. आजोबाला सांगतो, जरा लंगड म्हणून."

"त्याने घरी फोन केलाय," मामा कुणाकडेच न बघता म्हणाले. "बायको आणि दोन्ही मुली निघाल्यात."

प्रशिक्षक कपात बघत राहिले. 'नाही' म्हणायला दोन अक्षरं लागतात, तीही त्यांच्या तोंडून निघाली नाहीत. सहाय्यकांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि ते गेले. मामांनी जर्सी खांद्यावर टाकली आणि तेही गेले, दार जरा जास्तच जोरात लावून.

प्रशिक्षक एकटे बसले. त्यांना खेळाडू म्हणून आपला शेवटचा शनिवार आठवला. वय चौतीस. कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारावर यादी लागली होती आणि चार नंबरपुढे दुसऱ्याचंच नाव होतं. टाइप करताना चुकलं असेल म्हणून त्यांनी ती दोनदा वाचली. मग मामांकडे जर्सी मागायला गेले, तर मामांनी मान वर केली नाही. आधी कुणी सांगितलं नाही, नंतरही नाही. ते मागच्या फाटकाने घरी गेले. त्यानंतरच्या अकरा वर्षांत त्यांनी तीन क्लब सांभाळले, एकदा चषक जिंकला, दोनदा हाकलले गेले आणि शेवटी परत इथे आले. पत्रकारांना ते सांगत, मी निवृत्त झालो. खरं म्हणजे ते निवृत्त झालेच नव्हते. त्यांना फक्त पुन्हा बोलावलं गेलं नव्हतं.

ते तडक मैदानावर गेले.

सराव रंगात आला होता आणि आजोबा लंगडत होता. इतकं वाईट लंगडणं त्या मैदानाने कधी पाहिलं नसेल. चार पावलं लंगडायचा, चेंडू आला की धावत जाऊन झकास पास द्यायचा, आणि मग आठवण झाली की पुन्हा लंगडायचा.

"कुठला पाय?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"डावा, सर."

"मघाशी उजवा होता."

आजोबा ओशाळला. "सर, मला नाही येत हो नाटक. त्यात बायको येऊन बसलीय समोर. जोरात लंगडलो तर ती घाबरेल, म्हणून हळूच लंगडतोय."

प्रशिक्षकांना हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच त्यांचा निर्णय होऊन गेला. "हे बघ, तुझा नंबर मी चुकून लिहिला. माझ्या जुन्या सवयीने. खरं ते तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, दुसऱ्याकडून नको होतं. चुकलो मी."

"माहीत आहे, सर. लंबूलाच खेळवा. तुमची नोकरी..."

"माझ्या नोकरीचं मी बघतो. खेळशील?"

आजोबा दोन्ही पायांवर पळत सुटला.

सामन्याचं वर्णन करायचं तर पहिला अर्धा तास आजोबाने बचाव असा लावला, की लंबूसुद्धा गॅलरीतून टाळ्या पिटत होता. बाकीच्यांना तो हाका मारी, जागा दाखवी, कुठे चेंडू येणार ते आधीच ओळखून तिथे उभा राही. मग पाय भरून आले. उत्तरार्धात पलीकडचा नऊ नंबर त्याच्या शेजारून सुसाट निघून गेला आणि गोल झाला. अध्यक्षीणबाईंनी मान वळवून प्रशिक्षकांकडे पाहिलं. विचार चालू झाला होता.

"बदला त्याला," सहाय्यक प्लास्टरचा हात हलवत ओरडले.

"राहू दे," प्रशिक्षक म्हणाले. आणि त्यांनी अध्यक्षीणबाईंकडे पाठ फिरवली.

पाच मिनिटं उरली असताना कॉर्नर मिळाला. आजोबा पुढे गेला, उडी मारायला वाकला, आणि पोटरीत गोळा येऊन तसाच वाकलेला राहिला. चेंडू आला तो त्याच्या पाठीवर आपटला आणि गोलकीपरला वळसा घालून जाळ्यात जाऊन बसला. काय झालं ते आजोबाला सगळ्यात शेवटी कळलं, कारण तो पोटरी धरून गवताकडे बघत होता. मग त्याच्या अंगावर दहा जण पडले. एक-एक. क्लब टिकला.

पत्रकारांनी प्रशिक्षकांना गराडा घातला. सात महिने न खेळलेला माणूस उतरवण्याची ही चाल सुचली कशी?

"चाल कसली? चुकून नंबर लिहिला गेला."

सगळे खो खो हसले. किती हा विनय, असं एकाने लिहूनही घेतलं. "अहो, खरंच सांगतोय," म्हणावं तसे ते जास्तच हसत होते. अध्यक्षीणबाई तर म्हणाल्या, "मला तुमचा डाव सकाळीच कळला होता." आता बोला!

सगळे पांगल्यावर प्रशिक्षकांनी आजोबाला खोलीत बोलावलं. बाहेर त्याच्या मुलींनी व्हरांड्यात चेंडू लाथाडायला सुरुवात केली होती आणि मामा त्यांच्यावर खोटं खोटं ओरडत होते.

"बस," प्रशिक्षक म्हणाले. आजच्या दिवसात त्यांना सगळ्यात जड गेलं ते हे. "पुढच्या मोसमात मी तुला घेणार नाही. दहा वर्षं तू या क्लबसाठी मनापासून खेळलास. पण आता पाय ऐकत नाहीत. हे तुला दारावरच्या यादीत वाचायला लागू नये, म्हणून समोर बसवून सांगतोय. क्लबात दुसरं काही काम हवं असेल, तर मी अध्यक्षीणबाईंशी भांडेन."

आजोबाचे डोळे पाणावले, तरी तो हसला. "तो नऊ नंबर गेला ना, सर, तेव्हाच कळलं मला. मी त्याला अडवलं कुठे? नुसता वारा घातला." मग त्याने नाक पुसलं. "पण सांगितलंत, बरं केलंत."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"सर, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"कुणीच नाही?"

प्रशिक्षकांनी मान हलवली. आजोबा परत आत आला. पोटरी दुखत होती, आता अगदी खरी, तरी तो टेबलासमोर ताठ उभा राहिला, आणि घसा खाकरून म्हणाला, "मग मी सांगतो. शाळेत असल्यापासून मी कठड्याला लोंबकळून तुमचे सगळे सामने बघितलेत. चौदा वर्षं तुम्ही आमच्यासाठी जीव तोडून खेळलात. फार छान खेळलात. आता थांबा, सर."

प्रशिक्षकांना आधी हसू आलं. मग डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"बरं," ते म्हणाले. "थांबतो."