अ‍ॅटलास नावाची ढकलगाडी

मी एक जुनी ढकलगाडी आहे. चार चाकं, लोखंडी दांडा आणि पाठीवर एक फळी, एवढाच माझा संसार. मित्रांनो, दांड्यावर काळ्या मार्करनं लिहिलेलं नाव वाचा: अ‍ॅटलास. ते मी मागितलेलं नव्हतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. अमेरिकेतल्या फ्रीमाँट शहरातल्या एका दुकानातून गुरुनाथकाकांनी मला घरी आणलं. मराठी मंडळाचं वाचनालय त्यांच्या गॅरेजमध्ये असतं. काठोकाठ भरलेल्या चौदा प्लॅस्टिकच्या पेट्या! दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या शाळेच्या हॉलमध्ये न्यायच्या आणि संध्याकाळी परत आणायच्या. बारा वर्षं मी हे काम केलं. "ही आहे म्हणून वाचनालय आहे," असं काका सगळ्यांना सांगत. माझी फळी अभिमानानं फुगायची. ती पाणी लागून फुगली असं काही लोक म्हणतात. त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही.

नाव ठेवलं शेजारच्या इशितानं. सहावीत तिला ग्रीक पुराणातल्या एका नावावर प्रोजेक्ट होतं.

"पृथ्वी खांद्यावर घेतो, तोच ना हा?" काकांनी विचारलं.

"नो काका, एव्हरीबडी थिंक्स दॅट! त्यानं स्काय धरलंय. इट वॉज हिज पनिशमेंट."

शिक्षा! मला भयंकर राग आला. मी काय गुन्हा केला होता? मग तिनं पुढची यादी वाचली. आफ्रिकेतल्या एका डोंगररांगेला हेच नाव, नकाशांच्या पुस्तकालाही हेच. तसं एक जाडजूड पुस्तक माझ्याच पेटीत होतं. तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात माझं पुढचं चाक अडकलं. काकांनी मला वॉटर हीटरमागे सारलं. मंडळातला सिद्धेश म्हणाला, "काका, मी येतो ना हेल्पला." काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "कशाला उगाच तुला त्रास? माझं मी करतो."

तिसरी पेटी उचलताना ते कळवळले आणि मान धरून खाली बसले. मी चार हात अंतरावर होते आणि मला जागचं हलता येत नव्हतं. इतकं वाईट मला कधीच वाटलं नाही.

दोन दिवसांनी इशिता आणि तिची आई मीनाक्षी भेटायला आल्या. काकांच्या गळ्यात पट्टा होता.

"डॉक्टरांनी एक्स-रेत सगळ्यात वरचा मणका दाखवला," काका म्हणाले. "डोकं तोच पेलतो म्हणे. त्याचंही नाव अ‍ॅटलास! तो शाबूत आहे. पण वाचनालय आता बंद. पुस्तकं देऊन टाकू."

"नो वे!" इशिता ओरडली. "काका, तो अ‍ॅटलास अलोन होता. दॅट वॉज द रिअल पनिशमेंट."

तिनं मला खेचून बाहेर काढलं. मीनाक्षीनं मला उलटं केलं, चाकात गुंतलेली सुतळी पकडीनं ओढून काढली आणि तेल सोडलं. चाक फिरलं. मला ओरडावंसं वाटलं.

"अगं, पण तुम्हाला कशाला..." काकांनी सुरुवात केली.

"काका," मीनाक्षी म्हणाली, "तुम्ही फक्त कोणी कुठलं पुस्तक नेलं ते लिहा. पेट्या आम्ही नेणार."

मित्रांनो, मला ओझ्याची भीती नाही. चौदाच्या वीस पेट्या करा, मी मागे हटणार नाही. फक्त चाकाला वेळच्या वेळी तेल द्या, आणि "माझं मी करतो" म्हणणाऱ्या माणसाचं मुळीच ऐकू नका.

पहिल्या रविवारी आम्ही हॉलपाशी पोचलो. काका सवयीनं पेटीकडे वाकले, थांबले आणि मागे वळून म्हणाले, "इशिता, जरा हात लाव गं."

बारा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.