चौथी बाजू

गुरुदासांनी सुनेचं ऐकलं, पण पाऊणच. गोव्यातल्या लाटंबार्शात घरामागे पाण्याच्या टाकीसाठी खड्डा चालला होता. त्याच्या तीन बाजू त्यांनी गौरवीने सांगितल्या तशा तिरक्या छाटल्या, चौथी मात्र सरळसोट उभी ठेवली. आता असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

टाकी गौरवीसाठीच होती. नळाला दिवसाआड पाणी, तिला सहावा महिना, आणि तिला कळशी उचलताना पाहिल्यापासून सासऱ्यांच्या जिवाला चैन नव्हतं. शेजारच्या बाबलीला हाताशी धरून ते लगेच कामाला लागले. त्यांची माया गौरवीला दिसत होती, म्हणून तर त्या मायेपायी माणूस मातीखाली जाईल ही धास्ती तिला जास्त होती.

ती साखळीला एका कंत्राटदाराकडे इंजिनीयर होती. नळाचे चर कसे खणायचे, माती कुठे कशी आवरायची, हेच तिचं काम. सासऱ्यांचा मात्र जन्म चिऱ्यांच्या खाणीत गेलेला. जांभ्या दगडात हवं तेवढं खोल उतरा, भिंत वर्षानुवर्षं जागची हलत नाही. आमच्याकडे खड्डा म्हटला की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तीच भिंत येते.

"बाबा, ह्यो चिरो नाय, चिकण माती ही," गौरवी म्हणाली. "आज उबी रवता, फाल्या न सांगता घसारता."

"जल्मभर चिरे काडलंय गो मी. पडाची नाय ती."

"मगे बाकीच्यो तीन बाजू कित्याक छाटल्यात?"

"तू सांगलंस म्हणान," असं म्हणून ते शिडीवरून खाली उतरले.

दुपारी दोघेही पेज जेवायला वर आले, तेव्हा गौरवी मागच्या बाजूला गेली. चौथ्या काठापासून जरा आत जमिनीत एक बारीक भेग पडली होती. उन्हाने भेगाळलेलं शेत कुणीही पाहिलेलं असतं, पण त्या भेगा वेड्यावाकड्या जातात. ही काठाला धरून सरळ गेली होती, म्हणजे तो अख्खा कडा सुटू लागला होता. भेगेच्या अलीकडे, घराच्या अंगाला, अबोलीचा वाफा होता.

देवकीचा, तिच्या गेलेल्या सासूचा वाफा. त्यांना तिने फोटोतच पाहिलं होतं. पण रोज सकाळी सासरे तांब्यातून या रोपांना पाणी घालताना काहीतरी पुटपुटतात, हे तिने कितीदा पाहिलं होतं. बाजू तिरकी छाटली असती तर वाफा गेला असता. एवढं साधं आपल्याला कसं कळलं नाही, याचा तिला स्वतःचाच राग आला. काठापासून चांगलं लांब, वाफ्याच्या मागे बसून तिने एक रोप मुळासकट मोकळं करायला घेतलं.

"मागे सर गो!" गुरुदास उष्ट्या हातानेच धावत आले. "पडात ती! मागे सर!"

गौरवीने मान वर केली. "सकाळधरना तर पडाची नाय म्हणत होतात."

"तू थंय बसलंस, म्हणान..."

"आणि तुमी खाली असता तेवा?"

गुरुदास होते तिथेच खाली बसले. वाळत चाललेली पेज हाताला तशीच होती.

"तिच्या हातची रोपां ती," ते म्हणाले. "हलवली तर जगाची नाय."

"बाबा, अबोली दुसरीकडे रुजवूक येता," गौरवी म्हणाली. "तुमका मी खंय रुजवू?"

गुरुदास उठून पत्र्याचे जुने डबे घेऊन आले. बाबलीला त्यांनी दटावून सांगितलं की सुनेने म्हटल्याशिवाय खड्ड्यात पाय घालायचा नाही. रोपं सासऱ्याने आणि सुनेने मिळून, मुळांभोवतीची माती न सांडता, डब्यांत लावली.

संध्याकाळी चहाच्या वेळी चौथी बाजू खाली बसली. आवाज फारसा झालाच नाही. गुरुदास सकाळभर जिथे वाकून खणत होते, ती जागा आणि त्यांची कुदळ मातीखाली गेली. ते काठापासून दूर उभे राहून पाहत राहिले. मग अबोलीच्या डब्यांना पाणी घालताना नेहमीसारखे पुटपुटले, आणि या वेळी शब्द गौरवीला ऐकू आले.

"देवकी, वाचयला गो हिना माका."