सातवी नापास मास्तरांची जीप

मी एक जुनी डिझेल जीप आहे. मित्रांनो, आता मी कुठेच जात नाही. लोहाऱ्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी असते. दारं काढलेली, बॉनेट काढलेलं. तरी माझी कीव करू नका. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस इथेच चालू आहेत, आणि ते एकटीच्या वाट्याला आलेले नाहीत.

माझे मालक शंभुलिंग. सगळे त्यांना शंभुअण्णा म्हणतात. बावीस वर्षं आम्ही दोघांनी लोहारा-मुरुम रस्ता तुडवला. आत बारा माणसं, मागे लटकलेली चार, टपावर तुरीची पोती, कधी पायाशी एखादी शेळी. दहावीच्या परीक्षेला जाणारी पोरं अण्णा आधी बसवायचे, मग बाकीची. मी बिघडले तर ते मला मेकॅनिककडे नेत नसत. दोन मिनिटं कान लावून ऐकत आणि नेमका तोच स्क्रू पिळत. "अण्णाला जीपची भाषा कळतीय," असं लोक म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मग साखरेच्या आजाराने अण्णांची नजर अधू झाली. लायसन्स पुन्हा मिळालं नाही. मी घरामागच्या बाभळीखाली उभी राहिले आणि कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. अण्णा नुसते ओट्यावर बसून असत. रोजची पूजाही सुटली. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई त्यावरून बोलल्या, तर अण्णा म्हणाले, "काम हीच पूजा, असं लहानपणी मठात ऐकलं व्हतं. आता कामच न्हाय, तर पूजा कशाची?"

दोन वर्षं अशीच गेली. एके दिवशी संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग घेणाऱ्या अर्पिता मॅडम आल्या. "आमची पोरं इंजिन भिंतीवरच्या तक्त्यावरच बघतात. ही जीप द्याल का?" अण्णांनी मान हलवली. ट्रॅक्टरला दोर बांधून मला ओढत आणलं. अण्णा फक्त पोचवायला आले होते.

शेडमध्ये मला चालू केलं. मी खोकले, धडधडले. पोरं एकमेकांकडे बघू लागली. अण्णांना राहवेना. "थांबा. डोळे मिटा अन् ऐका. चारातला एक ठोका लंगडतोय."

वीस पोरं-पोरी माझ्यापुढे डोळे मिटून उभी राहिली. इतकी माणसं मी वाहिली, पण अण्णांशिवाय मला असं कुणी ऐकलं नव्हतं.

"अण्णा, उद्यापासून रोज या," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, म्या सातवी नापास. मला कोण मास्तर म्हणंल?"

"फळ्यावरचं मी बघते. ऐकायचं कसं, ते तुम्ही शिकवा."

अण्णा येऊ लागले. पण त्यांच्यात एक खोट होती. शिकवणं म्हणजे स्वतः करून दाखवणं, एवढंच त्यांना ठाऊक. पोरांच्या हातातला पाना ते हिसकावून घ्यायचे. संघप्रिया नावाची मुलगी वर्गात सगळ्यात हुशार. एकदा इंजिनाच्या वरच्या भागाचा, हेडचा बोल्ट आवळताना तिने जास्त जोर लावला आणि तो कट्‌कन तुटला.

"ठेव तो पाना!" अण्णा ओरडले. "हे पोरींचं काम न्हाय!"

संघप्रियाने पाना ठेवला, हात पुसले आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशीही नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. अण्णांना माझ्याशी बोलायची सवय, म्हणून कळलं. कस्तुराबाईंनी त्यांना विचारलं, "अवो, तुम्ही शिकत व्हता तवा ट्रकच्या इंजिनात फडकं इसरला व्हता. उस्तादानं हाकललं का तुम्हाला?"

"न्हाय."

"मग?"

अण्णा दुसऱ्याच्या जीपमध्ये बसून संघप्रियाच्या गावी गेले. दारात तिची आई मालनबाई होती.

"जय भीम, बाई. तुमच्या लेकीची माफी मागाया आलोय."

संघप्रिया बाहेर आली. अण्णा म्हणाले, "बोल्ट तुझ्या हातानं तुटला, पर चूक माझी. किती आवळायचा ते म्या शिकवलंच न्हाय. अन् वर जे बोललो, ते लई वंगाळ बोललो."

ती पायरी उतरून पुढे आली. मग म्हणाली, "येते मी. पण अण्णा, चुकले तर सांगा. पाना हातातून घेऊ नका."

"न्हाय घेणार."

शब्द पाळणं सोपं नव्हतं. अण्णा हात पाठीमागे बांधून उभे राहायला शिकले. संघप्रियाने त्यांना इंजिनाच्या भागांची नावं जाड अक्षरांत लिहून दिली. 'इंजेक्टर', 'गॅस्केट' असं ते बोट ठेवून वाचू लागले.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून साहेब आले. त्यांनी माझ्यात मुद्दाम बिघाड केला आणि संघप्रियाला वीस मिनिटं दिली. किल्ली फिरली, पण मी पेट घेईना. खिडकीपाशी उभ्या अण्णांना आवाजावरूनच कळलं, डिझेलच्या नळीत हवा शिरलीय. संघप्रिया मात्र बॅटरीच्या वायरी तपासू लागली. दहा मिनिटं त्यातच गेली. अण्णांचे ओठ हलले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

संघप्रिया थांबली. किल्ली पुन्हा फिरवून तिने डोळे मिटून ऐकलं. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप दाबला. फेस आला, फेसामागून स्वच्छ डिझेल. तिने स्क्रू आवळला, लागेल तेवढाच. मी एका झटक्यात चालू झाले! शेड धुराने भरली आणि साहेब खोकत खोकत हसले.

सगळे गेल्यावर अण्णा माझ्या चाकाजवळ बसले. "म्या हात लावला न्हाय, तरी तू चालू झालीस," ते म्हणाले. "काम सरलं न्हवतं गं. म्याच ते माझ्या दोन हातांत कोंडून ठेवलं व्हतं." दुसऱ्या दिवशी ते पूजा करूनच शेडमध्ये आले.

मित्रांनो, आता नवा वर्ग भरलाय. परवा पोरांनी माझा गिअरबॉक्स उघडला आणि आज जोडला. जोडून झाल्यावर दोन नट टेबलावर उरले. ते कुठले, हे अण्णांना ठाऊक आहे आणि मलाही. पण आम्ही दोघंही बोलत नाही. पोरं पुन्हा सगळं उघडून बसलीत. तुमच्या हातूनही कधी असे नट उरतील. घाबरू नका, खिशात घालून लपवू नका. आणि कुणी शिकत असेल, तर त्याला शोधू द्या. तेवढा दम धरणारं माणूस जवळ असलं, की माझ्यासारखं जुनं लोखंडही शाळा होतं.