उतारावरचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. एक जाड फळी आणि चार पाय, बस्स. पाठ टेकायला काही नाही, हात ठेवायला काही नाही. आणि चार पायांपैकी दोन लांब, दोन आखूड. आलं ना हसू? हसा हसा. मला हसण्यात या घरच्या दोन पिढ्या गेल्या, त्यात तुमची भर. फक्त गोष्ट संपेपर्यंत थोडं हसू शिल्लक ठेवा.

आधी मी झाड होतो. शेताच्या वरच्या अंगाला एक माळ आहे, तो थेट खालच्या तळ्यापर्यंत उतरत जातो. तिथं मी उभा होतो. एका वादळानं मला आडवा केला. त्याच सुमारास मालकाच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं, एका सुताराशी. जावईबापू सासुरवाडीला आले, नवरा-बायको माळावर फिरायला गेले, आणि बायको म्हणाली, "अहो, इथून तळं काय छान दिसतं! पण बसायची सोय नाही. गवतावर बसलं की घसरत घसरत पाण्यातच जाईन मी."

झालं! नव्या नवऱ्याला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी करवत, रंधा, पटाशी घेऊन गडी माळावर हजर. मला तिथंच कापला, तिथंच रंधला, तिथंच पाय लावले. माझ्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली थाळी ठेवायचा, डोळा बारीक करून बघायचा, आणि वरच्या बाजूचे पाय जरा तासायचा. परत थाळी, परत तासणं. पाणी चारी काठांना सारखं लागलं तेव्हा म्हणाला, "बस आता." बायको बसली. संध्याकाळ होईपर्यंत उठली नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पुढं ती दोघं कामासाठी लांबच्या गावी गेली. माळावर शेळ्या चरायला लागल्या, आणि मालकानं मला उचलून खाली गोठ्यात आणला. धार काढायला बसायला म्हणून. गोठ्याची जमीन सपाट, ताटासारखी. मग काय व्हायचं? बसणारा मागं कलायचा. मालक बादलीसकट उताणा पडला पहिल्याच दिवशी! दूध अंगावर, पाय वर, आणि गाय मान वळवून बघतेय. माझ्या आखूड पायांखाली विटा आल्या त्या तेव्हापासून.

काही वर्षांनी सुतार बायकोसह परत आला, जवळच घर केलं. गोठ्यात मला बघून म्हणाला, "अरे, हा इथला नाही. हा उतारासाठी केलाय."

मालकानं मांडीवर थाप मारली. "वा दाजी! नाचता येईना, अंगण वाकडं! लाकूड तुमचं, करवत तुमची, आणि दोष आमच्या जमिनीचा?"

घर खो खो हसलं. आणि ते हसणं त्या घराला चिकटलं, फणसाच्या चिकासारखं. दार नीट लागेना, की "दाजींनी बसवलंय का?" भाकरी वाकडी झाली, की "दाजींचा हात लागला वाटतं." पोरं विटा काढून माझ्यावर लिंबू ठेवायची, ते गडगडत खाली पडायचं, आणि सगळी ओरडायची, "दाजींचा बाऽऽक!" सुतार आधी हसायचा. मग नुसता मान हलवायचा. मग त्यानं या घरी हत्यारं आणणंच बंद केलं. सासुरवाडीत जावयाची चेष्टा चालते हो, पण त्याच्या हाताची चेष्टा त्याला लागते.

बायको म्हणायची, "अहो, एकदा वर नेऊन दाखवा ना त्यांना."

तो म्हणायचा, "ज्याला बघायचंय तो नेईल."

कुणी नेला नाही. माझ्यावर पोती आली, तुटकी बादली आली, कोंबडीनं अंडी घातली. मी गप्प. लाकडाला जीभ कुठं असते?

मग मालकाच्या पोरीचं लग्न ठरलं. पोरगी हट्टी, बापावर गेलेली. म्हणाली, "बाबा, हॉल नको. माळावर लग्न, समोर तळं. आणि बसायला शेतातलंच काहीतरी. गादीच्या खुर्च्या आणल्यात तर मी मांडवात येणार नाही."

"शेतातलं म्हणजे काय, बैलाच्या पाठीवर बसवू पाहुण्यांना?" मालक म्हणाला. पण लेकीचा शब्द कोण मोडणार? लागले कामाला.

आधी गवताचे भारे मांडले. दिसायला झकास! मालकाची बहीण, म्हणजे पोरीची आत्या, बसून बघायला गेली. तिचे गुडघे आता दुखरे. बसली ती भाऱ्यात रुतलीच. "अरे ओढा रे मला! लग्नाला आलेय, अंडी उबवायला नाही!" तिला ओढून काढेपर्यंत शेळ्यांनी मागची रांग खाऊन टाकली.

मग ओंडके. पोरीचा भाऊ, त्याला सगळे पैलवान म्हणतात, त्यानं छातीशी धरून एकेक ओंडका वर चढवला. शेवटचा ठेवून घाम पुसतोय, तोवर पहिला निघाला गडगडत. त्याच्या मागं दुसरा. तळ्यात धपाधप उड्या, आणि बदकांचा जो काय आरडाओरडा!

शेवटी नाइलाजानं लाकडी खुर्च्या आणल्या. मालक स्वतः बसला. पुढं कलला, आणखी कलला, आणि नमस्कार घातल्यासारखा गवतावर पालथा. उठून कपडे झटकत म्हणाला, "पुरे! हॉल म्हणजे हॉल. म्हाताऱ्या माणसांची हाडं मोडायची आहेत का मला?"

पोरीचे डोळे भरले. आत्यानं तिला जवळ घेतलं.

इकडं आचारी आला. चूल माळाच्या डोक्यावर मांडलेली, ती हॉलमागं नेण्याआधी त्याला एकदा पेटवून बघायची होती. "वाळलेलं लाकूड द्या," म्हणाला.

मालकाचा राग कुणावर तरी निघायचाच होता. "गोठ्यातला तो लंगडा बाक आण रे. फोडून टाक एकदाचा."

मित्रांनो, पैलवानानं मला खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. इतक्या वर्षांनी उजेड बघितला, आणि कशासाठी, तर चुलीसाठी! सुतार लांब बांधावर उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं.

माळ चढता चढता पैलवानाला धाप लागली. त्यानं मला मध्येच टेकवला. उलटा टेकवला, आखूड पाय खालच्या बाजूला. मी असा कललो की मालक म्हणाला, "बघा! इथं तर गोठ्यापेक्षा वाकडा! काय दाजी, आता हे अंगण पण वाकडं का?"

सुतार बांधावरून चालत आला. माझ्यापाशी थांबला. एकच शब्द बोलला.

"फिरव."

पैलवानानं बापाकडं बघितलं. मग मला उचलला, फिरवला, खाली ठेवला.

आणि मी उभा राहिलो. सरळ. ना डुगडुग, ना कल. लांब पाय खाली, आखूड पाय वर, जसा जन्मलो होतो तसा.

आत्या लगबगीनं आली, गुडघे विसरून. माझ्यावर बसली. इकडं हलली, तिकडं हलली. "अगं बाई! अहो, हा अजूनही हलत नाही!"

पोरीनं आचाऱ्याच्या टोपलीतून लिंबू उचललं. तिनं ते फळीवर मधोमध ठेवलं आणि हात काढला.

लिंबू जागचं हललं नाही.

मालक वाकून बघतोय, बसून बघतोय, एका डोळ्यानं बघतोय. शेवटी डोक्यावर हात मारून म्हणाला, "दाजी, अंगणच वाकडं होतं हो! मी बादलीसकट पडलो आणि नाव तुमचं घालवलं."

"बादली पण तिरकी धरली असेल तुम्ही," सुतार म्हणाला. मग जो हसला! असा हसताना मी त्याला फक्त तरुणपणी बघितला होता.

पोरीनं त्याचा हात धरला. "आतोबा, असे अजून कराल? सगळ्यांसाठी?"

"हत्यारं घरी आहेत," तो म्हणाला. तोवर मालक स्वतःच ती आणायला पळत सुटला होता.

जुन्या कोठाराच्या फळ्या निघाल्या, तळ्यातले ओंडके बाहेर निघाले. पैलवान धरी, सुतार कापी, आत्या पाण्याची थाळी घेऊन प्रत्येक बाकावर ठेवी आणि ओरडे, "अजून जरा, वरचा पाय!" आचारीसुद्धा रंधा मारायला बसला. लग्नाच्या दिवशी सबंध माळ लांब-आखूड पायांच्या बाकांनी भरला होता आणि त्यांवर बसलेली माणसं सरळ होती. बहुतेक पाहुण्यांना कळलंही नाही की आपण उतारावर बसलोय. हातातलं सरबतसुद्धा सांडलं नाही कुणाचं.

पहिल्या रांगेत, मधोमध, मी. माझ्यावर आत्या आणि सुतार. समोर पोरीनं नवऱ्याचा हात हातात घेतला, मागं तळं चमकत होतं, आणि टाळ्या अशा कडाडल्या की बदकं उडाली. पोरगी आधी धावत माझ्याकडंच आली. म्हणजे, माझ्यावर बसलेल्यांकडं. पण थोडीशी माझ्याकडंही, असं मी धरून चालतो.

आता मी माळावरच असतो. सुतार दरवर्षी मला तेल पाजतो, आत्या रोज संध्याकाळी बसते. तेव्हा मित्रांनो, घरात एखादी वस्तू डुगडुगत असेल, तर कुऱ्हाड शोधण्याआधी तिची जागा शोधा. वस्तू असो की माणूस, उलटं ठेवून हसू नका. एकदा फिरवून बघा.

आणि या घरात अजूनही कुणाच्या तोंडून ती म्हण निसटलीच, "नाचता येईना..." की सुतार बोट वर करतो आणि म्हणतो, "थांब. आधी अंगण बघून येऊ."

मग सगळे उठतात, आणि लिंबू घेऊन माझ्याकडं येतात.