नव्यासारखं

वॉकरचा डावा मागचा पाय सट्‌कन आत सरकला आणि म्हातारी त्याच अंगाला कलंडली. फौजदारीण शेजारी उभी होती म्हणून निभावलं. तिनं आईला काखेत धरून मागं ओढलं आणि दोघी मायलेकी पलंगावर एकमेकींच्या अंगावर आदळल्या. ऑपरेशन झालेला खुबा वाचला, पण कोपर पलंगाच्या कडेवर असं सणकून बसलं की म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मेले गं बाई," ती म्हणाली. श्वास जागेवर आल्यावर तिनं विचारलं, "हे नवं आहे?"

फौजदारिणीनं वॉकर उलटा केला. चार पायांना चार रबरी बुचं. तीन काळीकुळकुळीत, चौथं एका बाजूनं झिजून चपटं झालेलं. त्याच पायाचा खटका, जो भोकात बसून उंची धरून ठेवतो, तो एकदा आत दाबला की बाहेर यायचं नाव घेत नव्हता. आतली स्प्रिंग गेलेली होती. हा वॉकर कुणीतरी चांगला घासून वापरला होता आणि बिघडल्यावर परत पाठवला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

हे झालं परवा. तेव्हापासून म्हातारी पलंगावरून खाली उतरायलाच तयार नव्हती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईनं स्पष्ट सांगितलं होतं, "हेच पंधरा दिवस आहेत. आत्ता चालल्या तर चालल्या. नाहीतर सांधा धरेल, आणि मग पलंग एके पलंग." म्हातारीनं ते ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसरा वॉकर आणते म्हटलं, तर म्हणाली, "त्याला काय शिंगं असणारेत? तोही जाईल आत."

आयुष्यभर कुणाच्या बापाला न भ्यालेली ही बाई. ऑपरेशनच्या दिवशी तिनं डॉक्टरांना दम भरला होता, माझी लेक येईस्तोवर ट्रॉलीला हात लावायचा नाही. लेक धापा टाकत पोचली, तिचा हात हातात घेतला, तेव्हा कुठं ती आत गेली. आल्यागेल्याला ती हे अजून सांगायची. आता तीच बाई दोन पावलांना घाबरत होती, आणि ते बघून फौजदारिणीलाही भीती वाटत होती. भीती वाटली की ती ओरडायची. तिचा स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार.

फौजदारीण हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ते तिला कामावरच्या लोकांनी ठेवलं होतं. ज्या ऑनलाइन कंपनीकडून वॉकर मागवला, तिच्याच परतीच्या मालाच्या गोदामात ती तपासनीस होती. लोकांनी परत पाठवलेली खोकी तिच्या टेबलावर यायची. खोकं उघडायचं, वस्तू उलटीपालटी करून बघायची आणि बाहेरून गोल ठिपका चिकटवायचा. लाल म्हणजे भंगार, पिवळा म्हणजे दुरुस्ती, हिरवा म्हणजे नव्यासारखं. हिरवा ठिपका मिळालेला माल मूळ विक्रेत्याकडे परत जायचा. हिरवा मिळवणं तिच्या टेबलावर सोपं नव्हतं. एका कपाची दांडी सुतभर वाकडी म्हणून तिनं सहा कपांचा डबा लाल केला होता. तेव्हापासून फौजदारीण. पुढं ते नाव घरापर्यंत पोचलं आणि चिडली की आईही तिला त्याच नावानं हाक मारू लागली.

कोपऱ्यावरच्या दुकानातून वॉकर उचलून आणला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. पण ही पडली कंपनीची सुवर्ण सभासद! वर्षाचे पैसे आधीच भरलेले, आज मागवा, उद्या दारात. ते उद्या उजाडायला सहा दिवस लागले. त्यातले दोन दिवस फोनवर निरोप आला, 'आम्ही येऊन गेलो, घरी कुणी नव्हतं.' जी बाई पलंगावरून हलू शकत नाही ती म्हणे घरी नव्हती! आणि फौजदारीण रजा टाकून दाराला पाठ लावून बसली होती, ती बहुतेक हवेत विरली होती. वैतागून ते सभासदत्व बंद करायला गेली, तर एकामागून एक चार पानं उघडली. खरंच जायचंय? अगदी नक्की? आमची आठवण नाही येणार? चौथ्या पानावर तिनं फोन उशीवर फेकला.

तिच्या तक्रारीला विक्रेत्यानं दिलेलं उत्तर त्याहून गोड होतं. 'वस्तू पाठवताना नवी व उत्तम स्थितीत होती. ग्राहकाने चुकीच्या पद्धतीने वापरल्याने बिघाड झाला आहे.'

"चुकीच्या पद्धतीनं म्हणजे?" म्हातारीनं विचारलं. "मी काय त्याच्यावर चढून नाचले?"

आज दुपार कलल्यावर फौजदारिणीनं वॉकर पलंगाला टेकवून ठेवला, खोकं समोर घेतलं आणि पदर खोचून फोन लावला. यंत्राचा आवाज, मग वाद्यांचं दळण, मग पुन्हा यंत्र, असं पाऊण तास झाल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"तुमच्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत, मॅडम."

"मनापासून नका होऊ. वॉकर बदलून द्या."

"मॅडम, विक्रेत्याचं म्हणणं आहे की वस्तू नवीनच होती."

"खोटं बोलतोय. परतीचा माल आहे तो. मला शिकवू नका, मी रोज हेच करते."

"वस्तू आधी वापरलेली आहे याचा पुरावा लागेल. आज सहापर्यंत फोटो आला नाही, तर तक्रार आपोआप बंद होईल, मॅडम."

फौजदारिणीनं घड्याळात पाहिलं. साडेपाच होत आले होते.

"आपोआप! तुमचं सगळं आपोआप होतं, फक्त वस्तू तेवढी धड येत नाही. थांबा, फोन ठेवू नका. पुरावाच देते."

तिला कुठं बघायचं ते पक्कं ठाऊक होतं. गोदामातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हिरवा ठिपका मिळालेलं खोकं विक्रेत्याकडे गेलं की तो त्या ठिपक्यावरच पत्त्याचा मोठा कागद डकवतो आणि माल नवा म्हणून विकतो. वर पत्ता, खाली पाप. तिनं फोन उशीशी ठेवला, फडकं ओलं करून आणलं आणि पत्त्याच्या कागदावर दाबून धरलं.

"काय करतेयस?" म्हातारीनं मान वळवली.

"चोर पकडतेय. ह्याच्याखाली ठिपका असणार. ठिपक्यावर टेबलाचा नंबर आणि तारीख. विक्रेता तर लबाड आहेच, पण मला तो दुसरा पाहिजे. ज्यानं हा खटका न बघता पास केला तो."

"आंधळा होता का तो?"

"आंधळ्यालाही हाताला कळलं असतं. कामचोर मेला. असल्या माणसाला टेबलावर बसवायलाच नको."

"सापडला की माझ्यासमोर आणून उभा कर," म्हातारी म्हणाली. परवापासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार आली होती. "ह्याच वॉकरनं त्याचं टाळकं सडकते."

कागद भिजून फुगला. फौजदारिणीनं नखानं कोपरा उचलला आणि हलक्या हातानं सोलत नेला. रोजच्या सवयीची बोटं, कुठं फाटलं नाही. खालून हिरवी कड दिसली. "बघ," ती म्हणाली, "म्हटलं नव्हतं?" तिनं उरलेला कागद एका झटक्यात ओढला.

ठिपक्यावर निळ्या पेनानं लिहिलं होतं. टेबल ९, तारीख १४. नऊची शेपटी खाली येऊन डावीकडे वळली होती आणि टोकाला गाठ मारल्यासारखी गोल झाली होती. त्या शेपटीवरून गोदामात तिची थट्टा व्हायची. फौजदारीणबाईंचं मांजर, म्हणायचे.

तिनं अंगठ्यानं ठिपका पुसून पाहिला. शाई पक्की होती.

चौदा तारखेला दुपारी दवाखान्यातून फोन आला होता. ऑपरेशन उद्याचं आज घेतोय, सहीला या, आणि तुमच्या आई ऐकत नाहीयेत, लवकर या. ती मुकादमाकडे धावली. तो मान वर न करता म्हणाला, "टेबल रिकामं करा आणि खुशाल जा." टेबलावर बावीस खोकी होती. तिनं हिरव्या ठिपक्यांची गुंडाळी ओढली, एकामागून एक नंबर आणि तारीख लिहिली आणि बावीसच्या बावीस खोक्यांवर ठिपके मारले. एकही खोकं उघडलं नाही. चपला हातात घेऊन जिना उतरली होती ती. वाटेत एकदा मनात आलं होतं, एवढ्यांत एखादं खराब निघालं तर? मग समोर रिक्षा थांबली, आणि पुढं ते तिला आजपर्यंत आठवलं नव्हतं.

उशीशी ठेवलेल्या फोनमधून बारीक आवाज येत होता. "मॅडम? मॅडम, आहात ना?"

"सापडला का गं?" म्हातारीनं विचारलं.

"थांब जरा."

काही अवघड नव्हतं. ओलं फडकं अजून हातात होतं. दोनदा जोरात घासलं असतं तर ठिपका लगदा होऊन निघाला असता. सहा वाजता तक्रार आपोआप बंद झाली असती, उद्या सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा वॉकर आला असता. न तपासता ठिपका लावणाऱ्याला टेबलावरून उठवतात हे तिला माहीत होतं. मागच्या वर्षी एकाला उठवलं, तेव्हा बरं झालं म्हणणाऱ्यांत ती पुढं होती. आणि ही नोकरी गेली तर ह्या वयात दुसरी कोण देणार होतं?

पण उरलेली एकवीस? ती आठवायला लागली. उघडली नव्हती, म्हणून नुसती खोक्यांवरची चित्रं आठवत होती. एक पाणी उकळायची विजेची किटली. एक इस्त्री. दुचाकीवरचं हेल्मेट होतं. आणि तान्ह्या मुलाला जेवायला बसवायची उंच खुर्ची, तिच्यावर हसणारं बाळ. त्या खुर्चीचा खटका कुणी दाबून पाहिला होता?

तिनं फडकं खाली टाकलं. ठिपक्याचा फोटो काढला, पाठवला आणि फोन कानाला लावला.

"मिळाला फोटो?"

"हो मॅडम. टेबल नऊ, तारीख चौदा. म्हणजे वस्तू परतीचीच दिसतेय. आम्ही दिलगीर..."

"ते राहू दे, पुढचं लिहून घे. हा वॉकर तपासलेलाच नाही. नुसता ठिपका लावलाय. आणि हा एकटा नाही. त्या दिवशी त्या टेबलावरून गेलेली शेवटची बावीस खोकी, सगळी तशीच गेलीत. त्यांचे पत्ते काढा आणि माल परत बोलवा. लहान मुलाची खुर्ची आहे त्यात, ती आधी. मग किटली, इस्त्री, हेल्मेट. बाकीची मला आठवत नाहीत."

"मॅडम, पण हे तुम्हाला कसं..."

"टेबल नऊवर मी बसते."

ह्या वाक्यावर काय म्हणायचं ते त्या मुलीच्या कागदावर लिहिलेलं नसणार. ती बोलली तेव्हा तिचा आवाज गोड राहिला नव्हता, साधा झाला होता.

"अहो, हे लिहिलं तर ते वरपर्यंत जाईल. तुमचं काम..."

"ठाऊक आहे मला. लिही."

फोन ठेवल्यावर तिला मान वर करवेना. तिनं सोललेला कागद उचलला, उगाच चार घड्या घातल्या. म्हातारीचा खुबा गेला होता, कान शाबूत होते.

"म्हणजे त्या दिवशी तू एवढ्या लवकर पोचलीस ती अशी," म्हातारी म्हणाली.

फौजदारिणीनं घड्यांवरून नख फिरवलं.

"एकवीस घरं गं! कुणाच्या घरात काय झालं असेल?"

"हं."

"लाज वाटायला पाहिजे."

"वाटतेय."

"वाटू दे चांगली." म्हातारीनं उशीवर मूठ आपटली. "आणि मी बावळट, साऱ्या जगाला सांगत सुटले, माझी लेक कशी उडत आली म्हणून."

मग दोन्ही हातांनी तिनं चादर बाजूला केली.

"तो सांगाडा हलव तिथनं. आणि इकडं ये, माझ्यासमोर उभी राहा."

फौजदारिणीनं वॉकर भिंतीशी नेऊन ठेवला आणि पलंगासमोर येऊन उभी राहिली. आता ही थोबाडीत देणार, असं तिला वाटलं. द्यावी असंही वाटलं. म्हातारीनं आधी चांगला पाय जमिनीवर ठेवला, मग ऑपरेशनचा. कोपरावरचं काळंनिळं झालेलं लेकीला दिसेल असं तिनं दोन्ही हात पुढं केले.

"काय बघतेयस? धर. आणि खटके तपासलेस ना तुझे? का तूही मध्येच आत जाशील?"

फौजदारिणीनं पाय फाकवून जमिनीवर घट्ट रोवले. आईचे पंजे तिनं मनगटापासून पकडले.

"टाक वजन," ती म्हणाली.

म्हातारी पुटपुटत, लेकीला शिव्या घालत उठली आणि तिनं आपलं सगळं वजन तिच्यावर टाकलं.