हुबेहूब सही

दिवाळीच्या सुट्टीत दिपालीला काम मिळालं ते तिच्या अक्षरामुळं. घाटंजीकडच्या रस्त्यावर सरकारी कापूस खरेदी केंद्र होतं, तिथं ग्रेडर साहेबाच्या हाताखाली चिठ्ठ्या लिहायच्या. साहेब बंडीतल्या, म्हणजे बैलगाडीतल्या, कापसात हात घालून पास की नापास सांगणार, हिनं लिहायचं आणि साहेबानं सही करून शिक्का ठोकायचा. सावलीत बसून मजुरी मिळते म्हणून पोरगी पहिल्या दिवशी खूश होती. शिकलेल्या माणसांना सावलीचं भारी कौतुक.

ते साल दोन हजार पाच. बाजारात भाव पडलेला आणि सरकारी हमीभाव फक्त इथं, म्हणून सारा तालुका बंड्या जुंपून त्या एकाच फाटकाशी येऊन बसला होता. वडिलांनी दिपालीला स्वच्छ सांगितलं होतं, यवतमाळच्या खोलीचं भाडं स्वतः कमव, नाही तर कॉलेज सोडून घरी ये. तिचं बी.ए.चं दुसरं वर्ष या तीन आठवड्यांवर टांगलेलं होतं.

ग्रेडर नीळकंठ साहेब तोंडाचा गोड आणि पोटाचा काळा माणूस. दहातल्या आठ बंड्या तो नापास करी. नापास बंडी फाटकाबाहेर पडली की तिथं टपलेला व्यापारी तोच कापूस मातीमोल भावानं घेई. साहेबाचा जेवणाचा डबा त्याच व्यापाऱ्याकडून येतो, हे रांगेतल्या बैलांनाही ठाऊक झालं होतं.

आठव्या दिवशी किसनरावांची बंडी पुढे आली. दिपालीच्याच गावचा हा म्हातारा मुलाला घेऊन तीन दिवस रांगेत बसला होता. साहेबानं चिमूटभर कापूस उचलला.

"ओला आहे. नापास."

दिपालीनं एक सरकी दाताखाली धरली. कट्ट वाजली. "साहेब, वाळलेला आहे हा."

"तू लिही. मास्तरीण होऊ नको."

तिनं लिहिलं. नोकरी जाईल म्हणून लिहिलं, आणि लिहिताना तिला स्वतःची किळस आली.

किसनरावांचा मुलगा फकिरा पुढं सरसावला. त्यानं बंडीची उभारी, म्हणजे कडेचा लाकडी दांडा, उपसली आणि साहेबाच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज दिपालीनं ऐकला. मग रांगच्या रांग अंगावर आली. टेबल उलटलं, खुर्चीचे पाय निघाले, ज्याच्या हाती जे लागलं ते साहेबाच्या पाठीत, तोंडात, बरगड्यांत बसू लागलं. त्याचे दोन दात मातीत पडले.

"मारू नका रे, मरन तो," किसनराव ओरडले. "पयले पासवर सही घ्या त्याची!"

दिपालीनं पासची चिठ्ठी लिहिली. कोणीतरी साहेबाच्या मोडक्या हातात पेन कोंबला. बोटं मिटेनात. पेन गळून पडला.

"सही करत नाही म्हन्ते हरामखोर!" आणि पुन्हा लाथा.

"हात तुटला त्याचा," दिपाली किंचाळली. "त्याले करताच येत नाही!"

ऐकतो कोण? फकिरानं उभारी आता साहेबाच्या डोक्यावर उचलली. मरू दे मेल्याला, असं दिपालीच्या मनात एकदा आलं, खोटं कशाला सांगा. खोटी सही म्हणजे पोलीस, आणि पोलीस म्हणजे कॉलेज संपलं, हेही तिला कळत होतं. पण साहेब एका उघड्या डोळ्यानं तिच्याकडेच बघत होता.

"थांब फकिरा," दिपाली ओरडली. "मी करतो सही."

आठ दिवस ती सही तिनं शेकड्यानं पाहिली होती. तिनं ती हुबेहूब केली आणि शिक्का मारला. फकिराची उभारी खाली आली.

आणि मघाशी जनावरासारखी तुटून पडलेली तीच माणसं चक्क रांगेत उभी राहिली. "माही बी लिही, बाई." पायाशी साहेब रक्त ओकत होता आणि दिपाली सह्या करत होती. पेन थांबला तर पुन्हा मार सुरू होईल, एवढंच तिला दिसत होतं.

पोलीस आले ते लाठ्या चालवतच. डोकी फुटली, बैल उधळले, फकिरा कुंपणावरून पळाला. पळता न आलेले किसनराव बंडीशी उभे राहिले. साहेबाला जीपमध्ये घालताना फौजदारानं चिठ्ठ्या त्याच्यापुढं धरल्या.

"तुमची सही?"

"माझी नाही," साहेब फुटक्या ओठांनी म्हणाला. "या पोरीनं केली."

ज्याचा जीव वाचवला तोच असं बोलला, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. दिपाली किसनरावांकडे वळली.

"काका, सांगा ना यायले, मी काहून केली ते. तुमच्यापुढंच झालं सारं."

किसनरावांनी तोंड उघडलं. सांगायचं तर उभारी कोणी उचलली होती तेही सांगावं लागणार होतं. म्हातारा कुंपणाकडे बघत राहिला.

"मले काही माहीत नाही साहेब," ते म्हणाले. "सही हिनंच केली."