कुंकवाची बोटं

“उजवा डोळा झाका आणि वाचा,” डॉक्टर म्हणाले.

प्रगतीनं तळहातानं डोळा झाकला. पाटीवरचं सगळ्यात वरचं अक्षर थाळीएवढं असतं. तेवढंच वाचून ती थांबली. मग बोटं किंचित फाकवून चोरून बघायला लागली, तशी डाव्या बाजूनं जाऊन मी तिचा हात दाबून धरला. हात सोडला तेव्हा कोण आलं ते बघायला तिला पुरी मान वळवावी लागली. चोऱ्या पकडण्यात माझी हयात गेली आहे. सव्वीस वर्षं मी शिरूरच्या या दवाखान्यात डोळ्यांकडची नर्स आहे. दबोरा सिस्टर म्हटलं की मुलं आधी रडतात, मग आत येतात.

शिक्रापूरच्या एका कंपनीत प्रगतीला काम लागत होतं. दोन्ही डोळे लावायच्या भिंगातून बघून बारीक पार्ट जोडायचे. बाकी सगळ्यात ती पास होती, फक्त डोळ्यांचा दाखला राहिला होता. केंदूरहून आईबाप बरोबर आले होते. रखमाजीनं ठेवणीतला पटका बांधला होता आणि गिताबाईच्या पिशवीत पेढ्यांचा पुडा होता. दाखला मिळणारच, असं धरून चालले होते बिचारे. मी गिताबाईला ओळखलं. तिनं मला ओळख दाखवली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

त्र्याण्णव साली प्रगती पाच वर्षांची होती. डावा डोळा आळशी. अशा वेळी चांगला डोळा रोज काही तास बांधून ठेवायचा, म्हणजे आळशी डोळा झक मारत कामाला लागतो. काळ्या कापडाची पट्टी मी स्वतः शिवून दिली. गिताबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून एक कॅलेंडर दिलं आणि सांगितलं, पट्टी बांधली की त्या तारखेवर खूण कर. दर महिन्याला ती यायची. एकूणएक तारखेवर कुंकवाचं बोट, आणि डोळा मात्र जिथल्या तिथं. दीड वर्षानंतर माझा तोल गेला. भरल्या रांगेसमोर मी म्हणाले, “घरी बसून एका दमात कुणीही बोटं उमटवील. पोरीपेक्षा खुरपणं मोठं झालं का तुला?”

“सिस्टर, रोज बांधती मी. बिरोबाची आण. तुमच्या येशूची घिऊ का?”

“माझ्या येशूला मध्ये आणू नकोस.”

रांग हसली. गिताबाई परत आली नाही.

“आप्रेशन करा की सायेब,” आता रखमाजी म्हणत होता.

डॉक्टर नवे होते, समजावून सांगायची हौस अजून शिल्लक होती. “आबा, डोळा ठीक आहे. पण बघण्याचं काम मेंदूचं असतं. लहानपणी तो दोन्ही डोळ्यांकडून बघायला शिकतो. सात-आठ वर्षांपर्यंत शिकला नाही, तर पुढं त्या डोळ्याला जवळ करणं त्याला फार अवघड जातं. एकोणिसाव्या वर्षी मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.”

रखमाजी विचारात पडला. “म्हंजी मेंढीवाणी. पहिल्या दिशी कोकरू चाटलं न्हाई, तर मागनं किती बी थानाला लावा, लाथाच मारती.”

“अगदी तसंच. म्हणून तर वेळेत चांगला डोळा बांधायचा होता.”

रखमाजीचा चेहरा उतरला.

“ही बांधायची चांगलाच,” तो म्हणाला. “बांधून खुरपायला जायची. पोरगी माझ्यासंगं मेंढरांमागं. धडपडायची, काट्यात पडायची, आबा दिसत न्हाई म्हून रडायची. आमच्यात मेंढराचा डोळा आला तर आजारी डोळा बांधत्यात, माशी बसू नी म्हून. चांगला डोळा कुणी बांधतं व्हय? मी पट्टी डाव्यावर सरकवायचो. दिस मावळायच्या आत परत उजव्यावर. हिला कळू दिलं न्हाई.”

“कितींदा?” गिताबाईनं विचारलं.

“रोज.”

“आईला सांगितलं न्हाई तर बोरं देतो म्हणला हुता,” प्रगती म्हणाली. “मला आठवतंय आबा.”

त्या माणसाचा राग यावा, तर त्यानं केलं ते मायेपोटी. माझ्या वागण्यात ती सवलतही नव्हती. दीड वर्ष बाई खरं बोलत होती आणि मी तिच्या कुंकवाला खोटं ठरवलं.

“गिताबाई, माझं चुकलं,” मी म्हणाले. “तुम्ही रोज पट्टी बांधत होतात.”

दार लोटलेलं होतं. खोलीत आम्ही पाचच जण होतो. तिनं बंद दाराकडं पाहिलं.

“त्या दिशी रांगंत माझी जाऊ हुती, सिस्टर,” ती म्हणाली. “केंदूरात आजून म्हणत्यात, आईनं हयगय केली म्हून पोरीचा डोळा गेला. यांनी बी ऐकलंय ते. चावडीवर बसून ऐकलंय.”

रखमाजीनं पुढं होऊन तिच्या पिशवीतला पेढ्यांचा पुडा आपल्या हातात घेतला. डॉक्टरांनी डावा डोळा अधू असल्याचा दाखला लिहिला. त्यात खाडाखोड करायला जागा नव्हती.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. रस्त्यानं चालताना प्रगती सोबतच्या माणसाला उजव्या हाताला घेते, आणि आजवर ती जागा रखमाजीची असावी, कारण सवयीनं तो तिकडंच वळला. तिथं गिताबाई आधीच चालत होती. मग तो पेढ्यांचा पुडा सांभाळत पोरीच्या डाव्या बाजूला गेला आणि खालच्या आवाजात तिच्याशी काहीतरी बोलत राहिला. मान वळवल्याशिवाय त्या बाजूच्या माणसाचा चेहरा तिला नीट दिसत नाही. एसटी स्टँडच्या वळणापर्यंत मी बघत होते. तिनं मान वळवली नाही.